अभ्यागताचा वेळ आणि दुर्बिणीचा वेळ : संशोधन केंद्रांतील भेट-नियोजन प्रणालींची चिकित्सा

प्रस्तावना

वैज्ञानिक संशोधन केंद्र पाहावयास येणाऱ्या लोकांच्या भेटींची नोंदणी, वेळापत्रक व व्यवस्था सांभाळणारी संगणकप्रणाली हा तसा दुर्लक्षित विषय आहे. प्रवेगक, दुर्बीण किंवा अणुभट्टी यांवर ग्रंथ लिहिले जातात. त्या पाहण्यासाठी भरावयाच्या अर्जावर सहसा कोणी लिहीत नाही. तथापि सामान्य नागरिकाचा विज्ञानसंस्थेशी येणारा पहिला, आणि पुष्कळदा अखेरचाही, संबंध या अर्जाद्वारेच येतो. अर्ज स्वीकारला गेला तर तो आत जातो; 'जागा शिल्लक नाही' असा संदेश आला तर त्याची जिज्ञासा प्रवेशद्वाराबाहेरच थांबते. सार्वजनिक पैशावर उभ्या असलेल्या संस्थेत कोणाची जिज्ञासा आत घ्यावयाची, हा निर्णय अशा रीतीने एका सॉफ्टवेअरच्या रचनेवर सोपविला गेलेला असतो. म्हणून त्या रचनेची चिकित्सा आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखात अशा प्रणालींचे सर्वसाधारण स्वरूप, त्यांमागील वाटपाचे तत्त्व आणि त्यांच्या मर्यादा यांचा विचार केला आहे. त्यासाठी जिनिव्हाजवळील सर्न ही युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळा आणि पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, या दोन केंद्रांचा आधार घेतला आहे. लेखाचे मध्यवर्ती प्रतिपादन असे की, संशोधन केंद्रे आपल्या यंत्रांचा वेळ ज्या विचारपूर्वक रीतीने वाटतात, त्या विचाराचा अंशही अभ्यागतांचा वेळ वाटणाऱ्या प्रणालीत उतरलेला नसतो. आणि ही उणीव तांत्रिक नसून दृष्टिकोनाची आहे.

प्रणालीचे स्वरूप आणि तिची उपयुक्तता

संगणकपूर्व काळात भेटीची व्यवस्था पत्र, दूरध्वनी व नोंदवही या तीन साधनांवर चालत असे. मुख्याध्यापक पत्र पाठवीत, केंद्रातील अधिकारी नोंदवहीत तारीख पाहून उत्तर धाडीत, आणि ठरलेल्या दिवशी दारावरील पहारेकऱ्याकडे नावांची यादी जाई. या पद्धतीत आपुलकी असली तरी दोषही होते. एकाच दिवशी दोन शाळांना तारीख दिली जाणे, पत्र गहाळ होणे, रद्द झालेल्या भेटीची सूचना मार्गदर्शकापर्यंत न पोहोचणे हे या व्यवस्थेचे स्वाभाविक धोके होते. याहून गंभीर दोष वशिल्याचा. नोंदवही ज्याच्या हाती, त्याच्या ओळखीच्या माणसाला तारीख लवकर मिळण्याची शक्यता त्या पद्धतीतच दडलेली होती.

संगणकप्रणालीने हे दोष बऱ्याच अंशी दूर केले, हे मान्य केले पाहिजे. अशा प्रणालीचे पाच घटक सामान्यतः आढळतात : उपलब्ध वेळखंडांचे दिनदर्शक, अर्जाचा नमुना, मार्गदर्शकांची नेमणूक, सुरक्षा विभागास जाणारी नावांची यादी आणि भेटीनंतरचा अहवाल. दोन अर्जदारांनी एकाच क्षणी एकच वेळखंड निवडल्यास माहितीसंचातील ती नोंद पहिल्या व्यवहारापुरती कुलूपबंद केली जाते व दुसऱ्या अर्जदारास नकार मिळतो. त्यामुळे दुहेरी आरक्षणाचा प्रश्न मिटतो. अर्ज अर्धवट सोडून देणाऱ्याची जागा काही मिनिटांनी आपोआप मोकळी होते. रद्द झालेली भेट प्रतीक्षायादीतील पुढच्या गटाकडे जाते. ही कामे नोंदवहीपेक्षा यंत्र अधिक बिनचूकपणे करते, याविषयी दुमत असू नये.

प्रश्न पुढे सुरू होतो. ही सर्व रचना मूलतः आसन-आरक्षणाची आहे. भारतीय रेल्वेचे आरक्षण २००२ पासून इंटरनेटवर उपलब्ध झाले व 'तत्काळ'ची खिडकी उघडताच काही क्षणांत गाडी भरण्याचा अनुभव घरोघरी पोहोचला. भेट-नियोजन प्रणालीने हाच नमुना जसाच्या तसा स्वीकारला. संशोधन केंद्राची भेट ही रेल्वेच्या आसनासारखी वस्तू आहे काय, हा विचार मात्र झाला नाही.

आसन आणि भेट

रेल्वेचे आसन एकदा डब्यात बसविले की ते तेथे असते. भेटीचे तसे नाही. सर्नचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या या प्रयोगशाळेतील लार्ज हॅड्रॉन कोलायडर हा २७ किलोमीटर परिघाचा प्रवेगक जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोलीवर आहे. यंत्र चालू असताना बोगद्यात कोणासही जाता येत नाही. दीर्घकालीन देखभालीसाठी ते बंद ठेवले जाते, तेव्हाच भूमिगत भाग अभ्यागतांसाठी काही प्रमाणात खुला करता येतो. २०१९ च्या सप्टेंबर महिन्यात, अशाच एका दीर्घ विरामकाळात, सर्नने दोन दिवस आपली दारे उघडली तेव्हा सुमारे ७५,००० लोक येऊन गेले. अन्य काळात अभ्यागतांना भूपृष्ठावरील स्थळे दाखविली जातात. १९५७ साली कार्यान्वित झालेला व आता निवृत्त झालेला सिंक्रोसायक्लोट्रॉन हा सर्नचा पहिला प्रवेगक त्यांपैकी एक होय. म्हणजे भेटीची 'जागा' ही यंत्राच्या दिनक्रमातून उरलेल्या अवकाशात निर्माण होते. यंत्राचा दिनक्रम बदलला की ती नाहीशीही होते.

दुसरी बाब मार्गदर्शकाची. सर्नमध्ये अभ्यागतांना केंद्र दाखविणारे मार्गदर्शक हे तेथील कार्यरत वा निवृत्त वैज्ञानिक, अभियंते व कर्मचारी असून ते हे काम स्वेच्छेने करतात. प्रणालीच्या दिनदर्शकात मोकळा दिसणारा वेळखंड म्हणजे प्रत्यक्षात एखाद्या अभियंत्याने आपल्या कामातून बाजूला काढलेले दोन तास असतात. त्या दोन तासांत तो कोणत्या भाषेत बोलू शकतो, कोणत्या वयाच्या मुलांशी त्याचे सूत जमते, सलग तिसऱ्या गटाला तेच सांगताना त्याचा उत्साह टिकतो काय, या गोष्टींवर भेटीचे यश अवलंबून असते. प्रणालीत यांपैकी फार तर भाषेसाठी एक रकाना असतो. बाकी सर्व 'मार्गदर्शक उपलब्ध : होय' या दोन अक्षरांत बसविले जाते.

आसन-आरक्षणाच्या नमुन्यात यशाचे माप म्हणजे भरलेल्या जागांचे शेकडा प्रमाण. भेट-नियोजन प्रणालीचा वार्षिक अहवालही त्याच मापाने तयार होतो : इतके गट, इतकी डोकी, इतके वेळखंड भरले. या अहवालात शिस्तीत रांगेने आत जाऊन रांगेने बाहेर आलेला गट आणि प्रश्न विचारून मार्गदर्शकास अर्धा तास अधिक थांबविणारा गट यांत फरक नाही. किंबहुना दुसरा गट प्रणालीच्या दृष्टीने पुढील वेळखंडास अडथळा आणणारा ठरतो. जिज्ञासेची गणना विलंब म्हणून व्हावी, ही या नमुन्याची अंगभूत विसंगती होय.

वाटपाचे तत्त्व

जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ असले की वाटपाचे काही तत्त्व असावेच लागते. बहुतेक भेट-नियोजन प्रणालींत 'प्रथम येईल त्यास प्रथम' हे तत्त्व गृहीत धरलेले असते. ते इतके स्वाभाविक वाटते की त्याची निवड कोणी केली, असा प्रश्नही उपस्थित होत नाही.

याच संस्था आपल्या यंत्राचा वेळ कसा वाटतात, ते पाहणे उद्बोधक ठरेल. जीएमआरटी ही प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण आहे. त्यांपैकी १४ तबकड्या खोडदजवळ मध्यवर्ती भागात दाटीने असून उरलेल्या १६ तबकड्या इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालविते आणि जगभरातील खगोलशास्त्रज्ञ तिच्या वेळासाठी अर्ज करतात. हा वेळ सहा-सहा महिन्यांच्या निरीक्षण-चक्रांत दिला जातो. प्रत्येक चक्रापूर्वी प्रस्ताव मागविले जातात, तज्ज्ञ त्यांचे परीक्षण करतात, आणि वेळ-वाटप समिती कोणास किती तास द्यावयाचे ते ठरविते. अंतिम मुदतीच्या आत आलेला पहिला प्रस्ताव आणि शेवटच्या तासात आलेला प्रस्ताव यांत तेवढ्या कारणाने भेद केला जात नाही. अर्ज लवकर पाठविणे हा गुण नव्हे, हे येथे सर्वांस मान्य आहे.

वैज्ञानिक समाजाने ही चिकित्सा आणखी पुढे नेली आहे. हबल अवकाश दुर्बिणीच्या २६व्या निरीक्षण-चक्रासाठी २०१८ साली प्रस्तावांचे परीक्षण प्रथमच दोन्ही बाजूंनी नावे गुप्त ठेवून करण्यात आले. परीक्षकास अर्जदाराचे नाव कळू द्यावयाचे नाही, असा हा बदल. त्या चक्रात स्त्रियांच्या नेतृत्वाखालील प्रस्तावांच्या यशाचे प्रमाण पुरुषांच्या प्रस्तावांपेक्षा किंचित अधिक भरले; त्यापूर्वी बराच काळ हे चित्र उलट होते. एका चक्रातील अल्प फरकावरून मोठा सिद्धान्त मांडता येणार नाही. तथापि अर्जाचा नमुना तटस्थ नसतो, त्यातील एखादा रकाना कोणाला तरी झुकते माप देत असतो, हे वैज्ञानिकांनी स्वतःच्या बाबतीत ओळखले आणि त्यावर उपाय केला, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

मग अभ्यागताच्या अर्जाबाबत ही जागरूकता का नसावी? 'प्रथम येईल त्यास प्रथम' या तत्त्वाने लाभ कोणाचा होतो, हे पाहणे कठीण नाही. ज्या शाळेत संगणक आहे, अखंड वीज व वेगवान जोडणी आहे, जिच्यातील एखादा शिक्षक नोंदणी उघडण्याच्या मिनिटास केवळ त्याच कामासाठी मोकळा आहे, जिला नोंदणी केव्हा उघडते हे आधीच ठाऊक आहे, त्या शाळेस जागा मिळते. यांतील एकही गोष्ट विद्यार्थ्यांच्या जिज्ञासेशी संबंधित नाही. मात्र प्रत्येक गोष्ट शाळेच्या आर्थिक स्थितीशी निगडित आहे. दुर्बिणीचा वेळ प्रश्नाच्या मोलावर आणि अभ्यागताचा वेळ बोटांच्या चपळाईवर, अशी ही विभागणी आहे.

सर्नमध्ये या प्रश्नाची जाणीव काही प्रमाणात झालेली दिसते. मागणी व क्षमता यांतील तफावत तेथे दीर्घकाळ होती. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी उद्घाटन झालेले 'सायन्स गेटवे' हे प्रदर्शन व शिक्षण केंद्र वर्षाकाठी पाच लाखांपर्यंत अभ्यागतांचे स्वागत करता यावे, या हेतूने उभारण्यात आले. वास्तुरचनाकार रेंझो पियानो यांच्या संस्थेने आराखडा केलेल्या या केंद्रात प्रवेश विनामूल्य आहे. प्रयोगशाळेतील मार्गदर्शित फेऱ्यांसाठी गटांनी आगाऊ नोंदणी करावयाची, तर एकट्यादुकट्या अभ्यागताने त्याच दिवशी तेथे येऊन नाव नोंदवावयाचे, अशी व्यवस्था ठेवण्यात आली. या बदलाने घरबसल्या चपळाई करणाऱ्याचा लाभ संपला. परंतु रांग नाहीशी झाली नाही, ती संगणकावरून दालनात आली. आता लाभ जिनिव्हात मुक्कामास असलेल्या व सकाळी लवकर पोहोचू शकणाऱ्या माणसाचा आहे. दुरून एका दिवसासाठी आलेल्यास फेरी मिळेलच, याची खात्री नाही. वाटपाचे कोणतेही तत्त्व कोणास तरी अनुकूल व कोणास तरी प्रतिकूल असते. म्हणूनच ते उघडपणे निवडावे लागते.

शाळेचे दिनमान आणि प्रणालीचे दिनमान

महाराष्ट्रातील शाळेच्या दृष्टीने पाहता आणखी एक अडचण दिसते. शैक्षणिक सहल हा शाळेचा एकट्याचा निर्णय नसतो. सहलीस शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पालकांची लेखी संमती लागते, आणि एस.टी.ची बस आगाऊ ठरवावी लागते. या तिन्ही कामांसाठी तारीख निश्चित असणे आवश्यक असते. उलटपक्षी, भेटीच्या अर्जात विद्यार्थ्यांची अंतिम संख्या व नावे मागितली जातात आणि ती पालकांच्या संमतीविना देता येत नाहीत. केंद्राची तारीख मिळाल्याशिवाय परवानगी नाही, परवानगी मिळाल्याशिवाय संमती नाही, संमतीशिवाय यादी नाही आणि यादीशिवाय तारीख नाही, असे हे वर्तुळ आहे.

नोंदवहीच्या काळात हे वर्तुळ एका दूरध्वनीने तुटत असे. 'तारीख तात्पुरती धरून ठेवतो, यादी नंतर पाठवा', असे सांगणारा माणूस पलीकडे होता. प्रणालीत अर्धवट अर्ज काही मिनिटांत बाद होतो. आसन-आरक्षणात तात्पुरती जागा धरून ठेवणे हा गैरवापर मानला जातो, म्हणून तो टाळण्याची तजवीज केलेली असते. सहलीच्या बाबतीत मात्र तात्पुरती जागा ही गरज असते. तीन आठवड्यांपर्यंत अनिश्चित राहू शकणारी नोंद प्रणालीत ठेवणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. ती ठेवली जात नाही, कारण रचनाकाराच्या डोळ्यांसमोर मुख्याध्यापक नसून प्रवासी असतो.

सहलीचा हंगामही विचारात घेण्याजोगा आहे. पावसाळा संपल्यावर व परीक्षा सुरू होण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः नोव्हेंबर ते जानेवारी या काळात, बहुतेक शाळांच्या सहली निघतात. वर्षभर समान वेळखंड दाखविणाऱ्या दिनदर्शकात या काळात गर्दी उसळते आणि जून-जुलैत रकाने मोकळे राहतात. वार्षिक सरासरी मात्र समाधानकारक दिसते. जीएमआरटीसारख्या केंद्रास भेट देण्यासाठी पूर्वपरवानगी आवश्यक असते. परंतु २८ फेब्रुवारी या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडदला भरणारे विज्ञान प्रदर्शन व त्या वेळी दुर्बीण पाहण्यासाठी लोटणारी विद्यार्थी व ग्रामस्थांची गर्दी हा निराळाच अनुभव आहे. तेथे विद्यार्थी केवळ पाहावयास येत नाहीत, तर आपापले प्रकल्प मांडावयासही येतात. त्या दिवशी अभ्यागत हा पाहुणा राहत नाही. तो सहभागी होतो. भेट-नियोजन प्रणालीच्या कोणत्याही रकान्यात ही भूमिका बसत नाही, आणि तरीही विज्ञानप्रसाराच्या दृष्टीने तीच सर्वाधिक मोलाची आहे.

अर्जातील रकाने

अर्जात काय विचारले जाते आणि काय विचारले जात नाही, यावरून प्रणालीची अभ्यागताविषयीची कल्पना स्पष्ट होते. नाव, वय, ओळखपत्राचा क्रमांक, वाहनाचा क्रमांक हे रकाने अनिवार्य असतात. सुरक्षेच्या दृष्टीने त्यांचे समर्थन करता येते. रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात भ्रमणध्वनी बंद ठेवावा लागतो, कारण आकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण लहरींपुढे त्याचे प्रक्षेपण प्रचंड ठरते. अशा सूचना अर्जातच देणेही योग्य होय. परंतु 'विद्यार्थ्यांनी या विषयाचा कोणता भाग शिकला आहे', 'त्यांना काय विचारावयाचे आहे', 'कोणत्या भाषेत ऐकल्यास त्यांना समजेल' हे प्रश्न एकतर नसतात, किंवा 'अन्य माहिती' या एका ऐच्छिक चौकटीत कोंबलेले असतात. मार्गदर्शकाच्या हाती जी यादी पडते, तीत गटाची संख्या असते, गटाची ओळख नसते.

माहितीच्या अतिरेकाचीही दुसरी बाजू आहे. भारतात २०२३ साली संमत झालेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानतो, आणि तिच्या वैयक्तिक माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट घालतो. शाळांच्या भेटींची व्यवस्था करणाऱ्या कोणत्याही प्रणालीस हा विचार टाळता येणार नाही. चाळीस मुलांची नावे व जन्मतारखा भेट संपल्यावर किती काळ साठवावयाच्या, त्या कोण पाहू शकतो, त्या केव्हा नष्ट होतात, याचे उत्तर अर्जावरच असावयास हवे. भेटीसाठी उपयुक्त माहिती विचारावयाची नाही आणि अनावश्यक माहिती जपून ठेवावयाची, ही दुहेरी चूक आहे.

सोयीची प्रणाली सापडत नाही, असे याचे समर्थन करता येणार नाही. सर्नमध्येच विकसित झालेली 'इंडिको' ही मुक्त स्रोत प्रणाली परिषदा, सभा व सभागृहांचे आरक्षण सांभाळते. तीत अर्जाचे नमुने प्रत्येक प्रसंगानुसार बदलता येतात, आणि आलेल्या निबंधांचे परीक्षण करण्याची सोयही आहे. म्हणजे अर्ज वाचून, विचार करून निर्णय देण्याची यंत्रणा संशोधन केंद्रांच्या घरात आहे. ती वैज्ञानिकांच्या परस्परव्यवहारासाठी वापरली जाते; अभ्यागतांसाठी मात्र आसन-आरक्षणाचा नमुनाच पुरेसा मानला जातो.

आक्षेप आणि त्यांचा विचार

या प्रतिपादनावर तीन आक्षेप घेतले जाणे शक्य आहे. पहिला असा की, भेटींच्या हजारो अर्जांचे परीक्षण करण्यास केंद्रांकडे मनुष्यबळ नाही. हा आक्षेप रास्त आहे. परंतु परीक्षण आणि चपळाई यांच्यामध्ये अन्य मार्गही आहेत. ठरावीक मुदतीत सर्व अर्ज स्वीकारून त्यांतून सोडत काढणे हा सर्वांत सोपा. त्यास अतिरिक्त मनुष्यबळ लागत नाही, आणि नोंदणी उघडण्याच्या मिनिटाचे महत्त्व त्याने संपते. पूर्वी कधीही न आलेल्या शाळांसाठी किंवा परिसरातील तालुक्यांसाठी काही वेळखंड राखून ठेवणे, आणि मागील वर्षी सोडतीत अपयशी ठरलेल्या गटास पुढील वर्षी अधिक चिठ्ठ्या देणे, हे बदल आज्ञावलीच्या काही ओळींत करता येतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'प्रथम येईल त्यास प्रथम' या तत्त्वात मानवी मर्जीस वाव नाही. परीक्षण वा राखीव जागा आल्या की वशिला पुन्हा शिरेल, असे म्हणता येईल. नोंदवहीच्या काळातील अनुभव पाहता ही भीती अनाठायी नाही. मात्र तिचे उत्तर निकष दडविण्यात नसून ते प्रसिद्ध करण्यात आहे. राखीव वेळखंड किती, कोणासाठी, सोडत केव्हा निघाली, किती अर्ज आले व किती नाकारले गेले, हे केंद्राने दरवर्षी जाहीर केल्यास मर्जीस जागा उरत नाही. आज नाकारलेल्या अर्जांची मोजणी अनेकदा होतच नाही, कारण जागा भरल्यावर अर्जाचा नमुनाच दिसेनासा होतो. ज्यांना नकार मिळाला ते नोंदीतही नाहीत, ही या प्रणालींतील सर्वांत मोठी उणीव म्हटली पाहिजे.

तिसरा आक्षेप असा की, संशोधन केंद्राचे प्रमुख कार्य संशोधन असून अभ्यागतांची व्यवस्था हे दुय्यम काम होय. हे खरे आहे, आणि यंत्राच्या कामास अडथळा येऊ नये ही मर्यादा कोणीही नाकारणार नाही. परंतु दुय्यम काम अविचाराने करावे, असा त्याचा अर्थ होत नाही. थोड्याच भेटी देता येत असतील, तर त्या कोणास द्यावयाच्या हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.

हिंगोलीच्या निमित्ताने

या चर्चेस महाराष्ट्रात तातडीचे महत्त्व आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी करण्याच्या प्रकल्पास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांची ही वेधशाळा अणुकेंद्रकाच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म असे लांबीतील बदल टिपणार आहे. अशा यंत्रास जमिनीचे कंपन हा शत्रू असतो. जवळून जाणारे जड वाहन त्याच्या नोंदीत दिसू शकते. म्हणजे अभ्यागतांनी भरलेली एस.टी.ची बस हीच येथे मोजमापातील व्यत्यय ठरू शकते. भेटींचे वेळापत्रक निरीक्षणकाळाशी जोडावे लागेल, आणि उपलब्ध भेटी मर्यादितच असतील.

अशा वेळी पुण्या-मुंबईच्या साधनसंपन्न शाळांनी नोंदणी उघडताच सर्व वेळखंड घ्यावेत आणि औंढा नागनाथ, वसमत वा कळमनुरी येथील शाळांनी वेधशाळेच्या भिंती दुरून पाहाव्यात, असे घडणे अशक्य नाही. ज्या परिसराने जमीन दिली, त्या परिसरातील मुलांना तेथे काय चालते हे मराठीत समजून घेता यावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. ती पुरी करण्याची वेळ उद्घाटनानंतरची नव्हे. प्रणालीची रचना ठरते तेव्हाची आहे. एकदा नमुना रूढ झाला की तो बदलणे नोंदवही बदलण्याहून कठीण असते.

समारोप

भेट-नियोजन प्रणालीने दुहेरी आरक्षण, गहाळ पत्रे आणि उघड वशिला हे दोष घालविले, हे तिचे श्रेय आहे. परंतु तिने भेटीस आसन मानले, मार्गदर्शकास साधन मानले आणि वेगास पात्रता मानले. या तिन्ही गृहीतकांची निवड कोणी जाणीवपूर्वक केलेली नाही. ती अन्य व्यवसायांतील तयार नमुन्यांबरोबर आली. मुदतबंद अर्ज व सोडत, तात्पुरत्या नोंदीची सोय, भाषा व पूर्वतयारी विचारणारा अर्ज, माहिती नष्ट करण्याची निश्चित मुदत आणि नाकारलेल्या अर्जांची वार्षिक प्रसिद्धी, हे पाच बदल कोणत्याही केंद्रास फारसा खर्च न करता करता येण्याजोगे आहेत.

दुर्बिणीचा प्रत्येक तास कोणास दिला व का दिला, हे संशोधन केंद्र सांगू शकते. अभ्यागतास दिलेल्या तासाविषयीही त्यास तेच सांगता यावे, एवढीच अपेक्षा आहे. दोन्ही तासांचा खर्च एकाच सार्वजनिक तिजोरीतून होत असतो.